रिमच्या खाली काही नको

कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन कायद्यात २४००८ क्रमांकाचं एक कलम होतं. गाडीच्या मूळ घडणीत फेरफार करून ती इतकी खाली आणायची नाही, की चाकं सोडून तिचा कुठलाही भाग रिमच्या तळापेक्षा रस्त्याच्या जवळ जाईल. एवढंच त्याचं म्हणणं. १९५०चं दशक सरता सरता हे कलम आलं आणि १ जानेवारी २०२४ला गेलं. मधल्या साठ-पासष्ट वर्षांत त्या दोन-चार ओळींपायी किती पावत्या फाटल्या आणि किती पोरांच्या शनिवारच्या रात्री फुटपाथवर उभं राहण्यात गेल्या, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

कलम तसं अडाण्याने लिहिलेलं नव्हतं. टायरची हवा गेली की गाडी रिमवर येते. त्या क्षणी रिमच्या खाली काही लोंबत असेल तर आधी तेच रस्त्याला लागणार. आणि ते स्टिअरिंगचा दांडा किंवा ब्रेकची नळी असली तर गाडी हातात राहत नाही. आजही नवी गाडी कागदावर असताना आम्ही ही रेघ मारून बघतो. कलमाचं कारण चोख होतं, पण पोलिसांच्या हातातली पट्टी सगळ्यांच्या गाड्यांखाली सारखी जात नव्हती. ती जास्त करून मेक्सिकन-अमेरिकन पोरांच्या गाड्यांखाली जायची, आणि ते काही पंक्चरच्या काळजीपोटी नव्हे.

आम्ही म्हणजे सस्पेन्शनवाले. माझ्या बाबांचा भोसरीच्या एमआयडीसीत स्प्रिंगांचा लहानसा कारखाना होता. भट्टी, तेलाची टाकी, वाइंडिंगचं एक जुनं मशीन आणि सहा माणसं. शाळा सुटली की मी तिथेच असायची. पुढे मीही याच कामात पडले आणि नोकरीने सॅन होजेला आणून टाकलं. इथे येईपर्यंत गाडी खाली आणणं म्हणजे मला श्रीमंताघरच्या पोरांचा चाळा वाटायचा. मग कळलं की ज्या गावात मी बिऱ्हाड केलंय ती या पंथाची पंढरी आहे. लॉस एंजेलिसवाले हे मान्य करणार नाहीत, आणि इतिहास पाहता त्यांचं म्हणणं रास्तही आहे. पण ‘लोरायडर’ नावाचं मासिक १९७७ साली निघालं ते सॅन होजेतून, आणि इथल्या पूर्व भागातला स्टोरी आणि किंग या दोन रस्त्यांचा चौक जगभरच्या लोरायडरवाल्यांना, म्हणजे गाडी खाली आणणाऱ्यांना, ठाऊक आहे.

गाडी खाली आणायची तर आधी तिच्याखाली कापता येईल असं काहीतरी हवं. सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीकडून वारशाने आलेले कमानपाटे होते. पुढे सरळसोट आस, त्यावर पाटे, त्यावर चेसी. ही रचना मजबूत, पण पुढचे पाटे मऊ ठेवले की चाकं वेगात थरथरायला लागत, म्हणून ते कडकच ठेवावे लागत. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत आलेला मॉरिस ऑली नावाचा इंग्रज इंजिनिअर १९३०पासून कॅडिलॅकमध्ये यावरच डोकं लावून बसला होता. वजनं इकडून तिकडे सरकवता येतील अशी एक चाचणीची गाडी त्याने तयार केली आणि माणसं बसवून बसवून ठरवलं, की पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ पाहिजेत. तसं करायचं तर पुढची सरळ आस काढून प्रत्येक चाक सुटं टांगायला हवं. १९३४ सालापासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत पुढे सुटी चाकं आणि वेटोळ्याच्या स्प्रिंगा आल्या.

ऑलीने हे केलं ते मागच्या सीटवरच्या शेठ-शेठाणींना गचके बसू नयेत म्हणून. त्याच गाड्या दहा-पंधरा वर्षांनी जुन्या बाजारात उतरल्या, शंभर-दोनशे डॉलरला पोरांच्या हातात पडल्या, आणि बॉनेटखालची ती लांब, मऊ स्प्रिंग पोरांना दिसली.

फोर्डवाल्यांचा रस्ता निराळा होता. फोर्ड कंपनीने आडव्या पाट्याचा हट्ट १९४८पर्यंत सोडला नाही. त्यामुळे मुरॉकच्या कोरड्या तळ्यांवर जुन्या फोर्ड पळवणाऱ्या मंडळींनी पुढची आसच तापवून, वाकवून मधोमध खाली आणली. त्यांना वेग हवा होता. नाक खाली, शेपूट वर. ही हॉट रॉडवाली जमात. तिचा इतिहास भरपूर लिहिला गेलाय, मी त्यात शिरत नाही.

पूर्व लॉस एंजेलिसच्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन, पोरांना वेगाशी देणंघेणं नव्हतं. दुसरं महायुद्ध संपलं, फौजेतून परतलेल्यांच्या आणि युद्धकाळच्या कारखान्यांत राबलेल्यांच्या खिशात पहिल्यांदा चार पैसे खुळखुळले, आणि त्यांनी जुन्या शेवर्ले घेतल्या. गोऱ्यांची गाडी पुढे झुकलेली आणि सुसाट. यांची मागे बसलेली आणि संथ. स्पॅनिशमध्ये त्यांचं ब्रीदच आहे, ‘बाहितो इ स्वावेसितो’, म्हणजे खाली आणि हळूहळू. व्हिटियर बुलेव्हार्डवरून ताशी दहा मैलांनी जायचं, खिडकीत कोपर टेकवून, सगळ्यांना दिसेल असं. रस्त्यावर आपलीही जागा आहे हे सांगायला याहून सोपी आणि याहून जास्त डोळ्यांत भरणारी रीत मला तरी माहीत नाही.

आणि हे सगळं पहिल्यांदा झालं ते वाळूच्या पोत्यांवर. डिकीत दोन-चार पोती टाकायची, गाडी मागून बसते. हवी तेव्हा बसवा, नको तेव्हा पोती काढा. माझ्या गल्लीत एक निवृत्त वेल्डर राहतात, ऐंशीच्या घरातले. त्यांचे थोरले भाऊ शनिवारी दुपारी पोती भरत आणि सोमवारी कामावर जाण्याआधी अंगणात रिकामी करत. आई ओरडायची ती गाडीपायी नाही, अंगणभर होणाऱ्या वाळूपायी.

पोत्यांनंतर आला ठोकळा. मागच्या आसेच्या आणि पाट्याच्या मधे लाकडाचा किंवा लोखंडाचा ठोकळा घालून लांब यू-बोल्टने आवळायचा. ठोकळा दोन इंची तर गाडी दोन इंच खाली. पुढे मात्र वेटोळ्याच्या स्प्रिंगा होत्या. तिथे दोन इलाज: कापणं आणि तापवणं. इथे मी जरा थांबणार आहे, कारण हे दोन्ही उद्योग आजही जगभर चालतात आणि बहुतेकांना वाटतं की दोन्ही एकच.

कापल्याने काय होतं? स्प्रिंग म्हणजे गुंडाळलेली लांब सळई. दाबली की ती सळई पिळली जाते. सळई जितकी लांब तितकी पिळायला सोपी. आठ वेटोळ्यांपैकी दीड कापून टाकलं तर उरलेली साडेसहा वेटोळी तेवढ्याच वजनाखाली कमी दबतात. स्प्रिंग सुमारे तेवीस टक्के कडक होते. म्हणजे गाडी खाली येते आणि वर कडकही होते. ही एका अर्थी चांगलीच गोष्ट, कारण खाली आलेल्या गाडीला खड्ड्यात दबायला जागा कमी उरलेली असते. अडाणी हातांनी का होईना, कापणारा योग्य दिशेने चाललेला असतो. त्याचं चुकतं ते टोकाला. कारखान्यातून येणाऱ्या स्प्रिंगची शेवटची वेटोळी तिच्या बैठकीच्या मापाने वळवलेली असतात. कापलेलं टोक तसं बसत नाही, एका जागी टेकतं आणि तिथेच कुरतडत राहतं. शिवाय चाक हवेत लोंबलं की आखूड झालेली स्प्रिंग बैठकीत सैल होते, खुळखुळते. एखाद्या उंचवट्यावर चाक पूर्ण सुटलं आणि खाली येताना स्प्रिंग वेडीवाकडी बसली तर पुढचं सांगायला नको.

तापवणं हा शुद्ध गुन्हा आहे. गाडीखाली आडवं होऊन, स्प्रिंग जागेवरच असताना गॅसच्या ज्योतीने दोन वेटोळी लाल करायची. गाडीचं वजन वर असतंच. लाल झालेलं पोलाद मऊ पडतं आणि गाडी हलके हलके खाली बसते, डोळ्यांदेखत. ज्योत काढायची, झालं काम. ना खोलाखोली ना कापाकापी. पण स्प्रिंगच्या पोलादाला पाणी दिलेलं असतं. बाबांच्या कारखान्यात वळवलेली स्प्रिंग साडेआठशे-नऊशे अंशांच्या भट्टीतून काढून थेट तेलात जायची. धुराचा लोट उठायचा आणि तो वास घरी गेल्यावरही केसांतून जात नसे. मग पुन्हा चारशे-पाचशे अंशांवर शेकायची, म्हणजे तिचा ठिसूळपणा जातो. मग तिच्यावर बारीक छऱ्यांचा मारा. शेवटी प्रेसखाली वेटोळ्याला वेटोळं भिडेपर्यंत दोन-तीनदा दाबायची. काय बसायचं असेल ते आमच्याकडेच बसू दे, गिऱ्हाइकाच्या गाडीखाली नको. एवढ्या सव्यापसव्याने कमावलेलं पाणी गॅसची ज्योत दोन मिनिटांत उतरवते. तीही चारही स्प्रिंगांवर सारखी नाही. मग महिन्याभरात डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं खाली, आणि वर्षभरात तापवल्या जागी तडा.

तरीही त्या काळी तापवणं चालायचं. गॅसवेल्डिंग येणारा एक मामा किंवा चुलता प्रत्येक गल्लीत असतो, आणि तो पैसे घेत नाही.

मग आलं २४००८. पोती, ठोकळे, कापलेल्या स्प्रिंगा, सगळ्यांना एकच दोष: गाडी एकदा खाली गेली की खालीच. पोलीस समोर आला तर करणार काय? याचं उत्तर १९५९ साली दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रॉन अगिरेने आपल्या कॉर्व्हेटवर दिलं. या गाडीचं नाव एक्स-सॉनिक. विमानांच्या हायड्रॉलिक यंत्रणेतले पेस्को कंपनीचे पंप युद्धानंतर भंगारात ढिगांनी मिळत होते. त्याने ते पंप, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर गाडीला जोडले. डॅशबोर्डवरची कळ दाबली की गाडी वर, सोडली की खाली. पोलिसाने गाडी थांबवून पट्टी काढेपर्यंत रिमच्या खाली काहीच नसायचं. बसल्या जागी गाडी वर-खाली करण्याची सोय फ्रान्समध्ये सित्रोएनने १९५५ सालीच विकायला काढली होती, पण पूर्व लॉस एंजेलिसमध्ये फ्रेंच गाडी कोणाकडे असणार? आणि त्या कंपनीने ती काढली होती आरामासाठी. इथे ती निघाली चलान चुकवण्यासाठी.

शेवर्ले इम्पाला नेमकी याच सुमाराला यावी हा योगायोग. १९५८ साली शेवर्लेने मागचे कमानपाटे काढून चारही कोपऱ्यांत वेटोळ्याच्या स्प्रिंगा दिल्या, आणि चेसी दिली इंग्रजी एक्सच्या आकाराची, बाजूला लांब तुळया नसलेली. वेटोळ्याच्या माथ्यावर सिलिंडर सरळ बसतो. बाजूला तुळया नाहीत म्हणून गाडीचं पोट खाली येऊ शकतं. १९६४पर्यंत ही चेसी टिकली. लोरायडरवाले १९५८ ते १९६४ या सालांच्या इम्पाला आजही देवासारख्या का पुजतात, याचं अर्धं उत्तर सौंदर्यात आहे आणि अर्धं चेसीत. आपल्याकडेही त्या काळी इम्पाला म्हणजे सिनेमातल्या श्रीमंताची खूण होती. तीच गाडी इकडे धुलाईवाल्याच्या, सुताराच्या पोराकडे, जुनी घेतलेली, आणि सिनेमातल्या शेठपेक्षा जास्त निगुतीने रंगवलेली.

इम्पीरियल्स क्लबच्या जेसी व्हालादेस यांची ‘जिप्सी रोझ’ ही १९६४ची इम्पाला यातली सर्वांत प्रसिद्ध. गुलाबी रंगावर हाताने काढलेले गुलाबच गुलाब. १९७४ साली सुरू झालेल्या ‘चिको अँड द मॅन’ या दूरदर्शन मालिकेच्या नामावलीत ती घराघरांत दिसली, आणि २०१७ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली. वॉशिंग्टनमधल्या नॅशनल मॉलवर तिला काचेच्या पेटीत मांडलं होतं. कॅलिफोर्नियात त्या वेळी कलम २४००८ पुस्तकात जागच्या जागी होतं.

हायड्रॉलिक्स आल्यावर स्प्रिंग बाद झाली असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. सिलिंडरमधलं तेल दबत नाही. नुसत्या सिलिंडरवर गाडी ठेवली तर ती बैलगाडीसुद्धा नाही, रोडरोलर. म्हणून सिलिंडरच्या खाली स्प्रिंग राहिलीच, फक्त आखूड आणि जाड. एवढंच नव्हे, डिकीत पंप आणि बॅटऱ्यांचं ओझं आल्यावर मागच्या स्प्रिंगा आणखी दणकट लागल्या. आमच्या वेल्डर आजोबांच्या डिकीत आजही सहा बॅटऱ्या आहेत. वाळूच्या पोत्यांची जागा बॅटऱ्यांनी घेतली, असं मी त्यांना म्हटलं तेव्हा ते हसले नाहीत.

पुढे सरकारनेही पवित्रा बदलला. गाडी उंच आहे की ठेंगणी हे सोडून, ती त्याच रस्त्यावरून किती वेळा जाते हे मोजायला सुरुवात झाली. व्हिटियर बुलेव्हार्डवर १९७९ साली शेरिफने रस्तेच अडवले. सॅन होजेने १९८६ साली क्रूझिंगला, म्हणजे अशा फेऱ्या मारण्याला, बंदी घातली. ती उठली २०२२मध्ये. २०२३च्या ऑक्टोबरात डेव्हिड अल्वारेझ या आमदाराच्या विधेयकावर राज्यपालांची सही झाली आणि राज्यभरातली क्रूझिंगबंदी आणि कलम २४००८ दोन्ही एकदमच गेली.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पण माझ्या धंद्यातल्या माणसाला ती अर्धीच वाटते. पेटीत बंद, चार स्प्रिंगांचा संच, सोबत कागद, मागून घेऊन बसवायचा, असा जो माल आज जगभर विकला जातो, तो कॅलिफोर्नियातून आला नाही. तो आला जर्मनीतल्या एका डोंगराळ भागातून, तिथल्या इन्स्पेक्टरामुळे.

झाउअरलँड हा तो भाग. कामानिमित्त मला तिथे जावं लागतं. लेन्ने नावाची बेताची नदी, दोन्ही बाजूंना झाडीभरले डोंगर, आणि वळणावळणावर कारखाने. नदीकाठच्या आल्टेना गावात तार ओढण्याचा धंदा मध्ययुगापासूनचा. आधी चिलखतांच्या कड्यांसाठी, मग सुया, खिळे, सगळ्यासाठी. तिथे तारेचं एक अख्खं संग्रहालय आहे आणि ते बघायला मला अर्धा दिवस पुरला नाही. जिथे तार तिथे स्प्रिंग येणारच. याच नदीच्या वरच्या अंगाला फिनेनट्रोपमध्ये हाइनरिश आइबाख यांनी १९५१ साली स्प्रिंगांचा कारखाना काढला. त्याच्या शेजारच्या लेनेश्टाटमध्ये पुढे एच अँड आर उभी राहिली. गाडी खाली आणण्याच्या धंद्यातली ही दोन मोठी नावं अशी हाकेच्या अंतरावर आहेत.

जर्मनीत हे वेड पेटलं ते १९७६च्या गोल्फ जीटीआयनंतर. गोल्फ आणि ओपेल मांटावाल्या पोरांनीही आधी स्प्रिंगा कापल्याच. पण तिथला कायदा वेगळ्या तऱ्हेचा. इतक्या इंचांखाली नको असं तो सांगत नाही. तो म्हणतो, गाडीच्या सुरक्षिततेशी संबंध असलेला भाग बदललास तर गाडीचा चालवण्याचा परवानाच संपला. तो परत हवा असेल तर त्या भागाचा चाचणी-अहवाल आण, ट्यूफ या तपासणी संस्थेच्या माणसाला गाडी दाखव आणि कागदावर नोंद करून घे. कापलेल्या स्प्रिंगचा अहवाल कोण देणार? म्हणून अहवाल मिळेल अशी स्प्रिंग बनवणं हाच धंदा झाला.

ट्यूफचा माणूस काय बघतो, तर गाडी लिफ्टवर घेऊन चाकं लोंबू देतो आणि स्प्रिंग हाताने हलवून बघतो. ती हलली की गाडी नापास. आता गोची लक्षात घ्या. स्प्रिंग आखूड हवी, कारण गाडी खाली यायला हवी. आणि लांब हवी, कारण चाक लोंबल्यावरही ती बैठकीत घट्ट राहायला हवी. यावर तोड अशी की एका टोकाची दोन-तीन वेटोळी मऊ आणि जवळजवळ घ्यायची. गाडी जमिनीवर आली की ती मिटून एकमेकांवर बसतात आणि तिथून पुढे फक्त खालची कडक वेटोळी काम करतात. चाक लोंबलं की मिटलेली वेटोळी उघडून स्प्रिंगला जागेवर धरून ठेवतात. रंगीत पावडरचा थर दिलेली, वर दाट आणि खाली विरळ अशी ती ओळखीची स्प्रिंग दुकानात दिसते ना, तिचा तो आकार इन्स्पेक्टरच्या त्या एका हाताने घडवलाय.

दुसरी एक गोष्ट तो बघतो, जी कापणाऱ्याच्या गावीही नसते. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब गाडीवरच्या ओझ्याप्रमाणे कमी-जास्त करणारा एक व्हॉल्व्ह असे. मागची आस आणि गाडीचं अंग यांच्यामधलं अंतर कमी झालं की व्हॉल्व्ह समजतो, मागे माणसं बसली. मग तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी कायमची चार सेंटिमीटर खाली आणली, तर त्या व्हॉल्व्हच्या लेखी मागे सदा तिघं बसलेले. पावसात जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी तोंड फिरवते. म्हणून स्प्रिंगांसोबत या व्हॉल्व्हची जुळणी, हेडलाइटची जुळणी, चाकांची अलाइनमेंट, सगळं त्या कागदात लिहिलेलं असतं. मला हे वाचायला आवडतं. बाबांनाही आवडलं असतं. ते गिऱ्हाइकाला स्प्रिंगबरोबर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी द्यायचे आणि गिऱ्हाईक ती दारातच फेकायचं.

जर्मन पोरं यात सुखी होती का? सुखी असावीत. तीस-चाळीस मिलिमीटर खाली, कागदावर शिक्का, आणि उन्हाळ्यात आल्प्स ओलांडून ऑस्ट्रियातल्या व्योर्टरझेच्या काठी. तिथे १९८२पासून जीटीआयवाल्यांची जत्रा भरायला लागली. गंमत मात्र कमी. ज्याला शिक्का आहे त्यात थरार तो काय?

हा माल मग उलटा कॅलिफोर्नियात आला. आइबाखची अमेरिकन शाखा आज कोरोना या गावात आहे, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, जिथून अगिरेचा मुलूख फार लांब नाही. गिऱ्हाईक नवं होतं: जपानी, फिलिपिनो, व्हिएतनामी घरांतली पोरं आणि त्यांच्या होंडा सिव्हिक. १९८८च्या सिव्हिकला चारही चाकांना डबल विशबोन मिळाली, या किमतीच्या गाडीत ती चैनच. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी जर्मन स्प्रिंगा घातल्या, नव्हते त्यांनी कापल्या. माझ्या हाताखालचे इंजिनिअर बहुतेक याच पिढीतले आहेत. दोघांनी मला खासगीत सांगितलंय की सस्पेन्शन त्यांना कॉलेजात कळलं नाही, वडिलांच्या गॅरेजात ग्राइंडर हातात घेतल्यावर कळलं.

भोसरीत हे काही नव्हतं. बाबांकडे येणारं गिऱ्हाईक उलटंच मागायचं. ‘स्प्रिंगा बसल्यात, जरा उठवून द्या.’ पाच जणांच्या गाडीत आठ जण आणि वर तांदळाचं पोतं. टेम्पोला आणखी एक पाटा. वेटोळ्यांच्या मधे रबराचे ठोकळे. गाडी खाली आणून मागणारा एकही माणूस मी लहानपणी पाहिला नाही. आता आहेत, पुण्यातच पुष्कळ. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी-प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी न जुळणारा फेरफार करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ चांगला कडक लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर फेरफारामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद घातली. कॅलिफोर्नियाने एक रेघ आखली होती, जर्मनीने परीक्षा ठेवली. आपण दोन्ही केलं नाही, नुसतं नको म्हटलं. म्हणून आपल्याकडे चांगली स्प्रिंग आणि कापलेली स्प्रिंग कायद्यापुढे सारखीच गुन्हेगार, आणि मग पोरगा स्वस्तातली निवडतो. यात पोराचा दोष मला फारसा दिसत नाही.

गेल्या दिवाळीत कोथरूडच्या भाच्याचा फोन. ‘मावशी, येताना स्प्रिंगांचा एक सेट आणशील का? पस्तीस मिलिमीटरवाला.’ मी आधी कायदा सांगितला. त्याने हं हं केलं. मग गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स विचारला. एकशे सत्तर मिलिमीटर. म्हणजे उरणार एकशे पस्तीस. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि तीन मीटर सत्तर सेंटिमीटर रुंद असावा, इतका पसरट की गाडी ताशी पंचवीस किलोमीटरने वरून जावी. तसा असेल तर तुझी गाडी निघेल, मी म्हटलं. फक्त तुमच्या सोसायटीच्या गेटातला एकदा मोजून सांग.

तासाभराने त्याचा फोटो आला. वॉचमनने पट्टी धरली होती. उंची साडेसहा इंच, रुंदी जेमतेम हातभर.

म्हणजे एकशे पासष्ट मिलिमीटर. आहे ती गाडीसुद्धा रिकामी असेल तरच जाते. मागे आई-बाबा बसले की सायलेन्सर घासतो, असं त्यानेच मग कबूल केलं. आता तो सोसायटीच्या सेक्रेटरीच्या मागे लागलाय. मला नियमाचा क्रमांक विचारत होता. आयआरसी ९९ म्हणून कळवलं.